आधी काय, मग काय? घरी बनवू या चित्रकार्डं

“आज शाळेत काय झालं?” असं विचारलं की चार-पाच वर्षांचं मूल डब्यापासून सुरुवात करतं, मधेच प्रार्थनेवर येतं आणि पुन्हा रिक्षात बसतं. आठवतं सगळं, पण आधी काय, मग काय, हे अजून लावता येत नाही. गोष्ट सांगायला, गणित सोडवायला, वाक्य लिहायला हाच क्रम लागतो.

कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी १९८५ साली सृजन आनंद विद्यालय सुरू केलं. मुलांच्या अनुभवातून शिकवण्यावर त्या शाळेचा भर. तेच आपण घरात आणि मकतबमध्ये करू शकतो. आपली मुलं रोज पाहतात असा एक क्रम म्हणजे वुजू.

चपलांच्या खोक्याचा पुठ्ठा घ्या. तळहाताएवढे सात सारखे तुकडे कापा. त्यांवर साधी चित्रं काढा: मनगटापर्यंत हात, चूळ भरणं, नाकात पाणी घेणं, चेहरा, कोपरापर्यंत हात, डोक्याचा मसह, घोट्यापर्यंत पाय. वरून पारदर्शक चिकटपट्टी लावा आणि मागे १ ते ७ अंक लिहा, म्हणजे मूल स्वतःच पडताळून पाहील.

सुरुवात तीनच कार्डांनी करा: मनगट, चेहरा, पाय. ती जमली की एकेक वाढवा. चेहरा, हात, डोकं, पाय हा क्रम शाफई मसलकात फर्ज, तर हनफी मसलकात सुन्नत मानला जातो. म्हणून हा नुसता खेळ नाही.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. आपली मुलं मराठी डावीकडून वाचतात आणि कायदा उजवीकडून. मुलानं कार्डं उजवीकडून मांडली तर ‘उलटं लावलंस’ म्हणून रागावू नका. सुरुवातीच्या जागी एक चिंचोका ठेवा आणि सांगा, “चिंचोक्यापासून सुरू.” दोन्ही दिशा बरोबरच.

दुसरा संच गुळाचा करा: शेतातला ऊस, चरकातला रस, काहिलीत उकळणारा रस, गुळाची ढेप. इथे विचारा, “आधी ढेप, मग ऊस असं का होत नाही?” वुजूचा क्रम शिकवावा लागतो, गुळाचा क्रम मूल कारण शोधून लावतं.

शेवटी कार्डं झाका आणि मुलाला सगळं सांगू द्या. घरात दखनी बोलत असाल तर ‘पहले’, ‘फिर’, ‘बाद में’ म्हटलं तरी चालेल. दादी-नानींनी तेवढं शांतपणे ऐकून घ्यावं.