धमनी उघडली, पण रक्त वाहेना!

हृदयविकाराचा झटका आला, रुग्णाला वेळेवर इस्पितळात नेले, डॉक्टरांनी फुगा फुगवून धमनी मोकळी केली आणि आत स्टेंट, म्हणजे धातूची जाळीदार नळी बसवली. आता धोका टळला, असे नातेवाईक समजतात. बहुधा ते खरेही असते. परंतु काही रुग्णांत मोठी धमनी उघडलेली दिसते आणि तरीही पुढच्या स्नायूला रक्त पोचत नाही. याला 'नो-रिफ्लो' म्हणतात.

वर्गात हे सांगताना मी कालव्याचा दाखला देतो. कालव्याचे दार उघडले, पाणी सुटले. पण शेतातल्या चाऱ्याच गाळाने बुजल्या असतील तर पीक वाळणारच! फुगा १९७७ साली झुरिकमध्ये आंद्रेआस ग्रुन्ट्झिग यांनी माणसाच्या हृदयधमनीत प्रथम वापरला. १९८६ साली पहिले स्टेंट बसले. या दोन्हींनी दार उघडते, चाऱ्या नव्हे.

चाऱ्या बुजतात त्या अनेक कारणांनी. गुठळीचे कण निसटून बारीक वाहिन्यांत अडकतात. त्या वाहिन्या आकसतात. प्राणवायूवाचून राहिलेल्या पेशी सुजून त्यांना दाबतात. क्लोनर, गॅनोट व जेनिंग्ज यांनी १९७४ साली कुत्र्यांवरील प्रयोगांत दाखवले की, धमनी ४० मिनिटे बांधून सोडली तर रक्त पुन्हा सर्वत्र खेळते; ९० मिनिटांनी सोडली तर हृदयस्नायूच्या आतल्या थरात ते शिरतच नाही.

मग औषधे कोणती? नायट्रोग्लिसरिन मुख्यतः मोठ्या धमन्या सैल करते, म्हणून येथे ते अपुरे पडते. अॅडेनोसिन, व्हेरापामिल आणि नायट्रोप्रुसाइड ही बारीक वाहिन्या सैल करणारी औषधे बारीक नळीतून थेट धमनीत सोडतात. अॅडेनोसिन रक्तात काही सेकंदच टिकते, त्यामुळे ते पुन्हा पुन्हा द्यावे लागते. पण या औषधांनी रक्तदाब उतरतो; अॅडेनोसिन व व्हेरापामिल यांनी नाडीही मंदावू शकते. रक्तदाब आधीच खाली असेल तर अॅड्रेनॅलिनचा अत्यल्प डोस देतात. मात्र त्याने हृदयाची लय बिघडण्याची भीती असते. गुठळी फार असल्यास टिरोफिबानसारखे, रक्तकणिकांना एकत्र चिकटू न देणारे औषध वापरतात.

या उपायांनी डोळ्यांसमोरचा प्रवाह पुष्कळदा सुधारतो. तेवढ्याने स्नायू वाचला, असे मात्र म्हणता येत नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील एका चाचणीत अॅडेनोसिन किंवा नायट्रोप्रुसाइड आधीच देऊनही मृत स्नायूचा भाग घटला नाही. २०१९ सालच्या दुसऱ्या चाचणीत गुठळी विरघळवणारे अल्टेप्लेज अल्प प्रमाणात धमनीत दिले. त्यानेही बारीक वाहिन्यांतील अडथळा कमी झाला नाही.

म्हणून विद्यार्थिमित्रांनो, ४० आणि ९० मिनिटांतला तो फरक ध्यानात ठेवा. घरात कोणाच्या छातीत कळ आली की 'पित्त असेल, सकाळी पाहू' असे म्हणण्यात जी वेळ जाते, ती भरून काढणारे औषध अजून कोणाच्या हाती आलेले नाही.