जुन्या सॉफ्टवेअरचा सातबारा

आंबेगाव तालुक्यातल्या लोणीसारख्या गावात बैल घेणाऱ्याला कोणी शहाणपण शिकवायला जाऊ नये. चाकणच्या बाजारात तो दात पाहतो, खूर पाहतो, चालवून बघतो आणि मगच रुमालाखाली बोटे धरतो. जुना ट्रॅक्टर घ्यायचा तर आरसी बुकावर बँकेचा बोजा आहे का, हे आधी विचारतो. हाच माणूस मुलाला लग्नपत्रिका आणि हिशेबाच्या कामाचे दुकान थाटून देताना, मोबाइलवरच्या लिलावात महागडे सॉफ्टवेअर दशांश किमतीत दिसले की एका रात्रीत बोली लावून मोकळा होतो!

बँकेत उमेदीची वर्षे काढलेल्या माझ्यासारख्याला इथे पहिला प्रश्न पडतो तो मालकीचा. टेबल विकत घेतले की टेबल आपले. सॉफ्टवेअरची चकती हाती येते, पण कंपनीने मूळ ग्राहकाला बहुधा फक्त वापराचा परवाना दिलेला असतो. भाडेकरूने खोली विकायला काढावी, तसाच हा प्रकार होऊ शकतो.

अमेरिकेत सिएटलजवळच्या टिमथी व्हर्नर यांनी एका वास्तुरचनाकार कचेरीकडून ऑटोकॅडच्या जुन्या प्रती रीतसर विकत घेतल्या आणि ईबेवर लिलावाला लावल्या. त्या कचेरीने नवी आवृत्ती सवलतीत घेताना जुन्या प्रती नष्ट करण्याचे कबूल केले होते. प्रकरण न्यायालयात गेले. खालच्या न्यायालयात व्हर्नर जिंकले. २०१० मध्ये अपिलात हरले. जी कचेरी स्वतःच मालक नव्हती, ती मालकी देणार कुठून? युरोपच्या न्यायालयाने २०१२ मध्ये मात्र कायमचा परवाना पुढे विकता येतो, फक्त पहिल्याने आपली प्रत वापरातून काढली पाहिजे, असे ठरवले. आपल्या कॉपीराइट कायद्याचे कलम ६३ब बनावट प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरणाऱ्याला सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड सांगते. नव्या दुकानाचे भांडवल तरी तेवढे असते का?

तेव्हा विकणाऱ्याकडे मूळ बिल मागावे, अनुक्रमांक घ्यावा आणि पैसे देण्याआधी थेट कंपनीला विचारावे की हा परवाना माझ्या नावावर होईल का. कंपनीचा फोन नंबर विकणाऱ्याकडून घेऊ नये, हे सांगायला नकोच. लॅपटॉपबरोबर आलेली विंडोज सहसा त्याच लॅपटॉपची असते. नुसता कागदावर लिहिलेला 'की' नंबर आज चालतो आणि उद्या कंपनी तो बंद करते. वर्गणीच्या सॉफ्टवेअरचा पासवर्ड विकणारा तर आपले खातेच आपल्याकडे ठेवून घेतो.

डीटीपीच्या धंद्यात आणखी एक गोम आहे. जुन्या देवनागरी पॅकेजांपैकी अनेकांबरोबर 'डोंगल' नावाचे कुलूप येई. ते खोचल्याशिवाय काम सुरू होत नसे. चकती आली आणि डोंगल नाही, तर बैलाऐवजी दावे घरी आणले म्हणायचे. डोंगल आले तरी जुन्या प्रिंटरच्या खाचेत बसणारे ते नव्या संगणकाला लागत नाही. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची आहे, आणि विंडोज १० चा नियमित आधारही ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला.

कुलूप तोडलेली प्रत तर घेऊच नये. तिच्याबरोबर टाइप केलेली प्रत्येक कळ टिपणारा चोर संगणकात शिरू शकतो, आणि त्याच संगणकावर गिऱ्हाइकांची आधारपत्रे आणि बँकेची कामे होत असतात.

पैशाचे म्हणाल तर लिलावाच्या संस्थेबाहेर, 'थेट पाठवा, स्वस्तात देतो' म्हणणाऱ्याला एक पैसाही देऊ नये. परताव्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करा असे कोणी म्हटले, तर तिथेच थांबावे. पैसे घ्यायला पिन लागत नाही. फसगत झाली तर तासाभराच्या आत १९३० वर फोन करावा. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये अनधिकृत व्यवहारांना संरक्षण देणारे नियम केले. आपण स्वतःच्या हाताने पाठवलेल्या पैशाला त्यांचा आधार मिळणे कठीण होते.

खरे तर पुष्कळांना जुने सॉफ्टवेअर लागतच नाही. लिबरऑफिस, इंकस्केप, स्क्रायबस फुकट आणि कायदेशीर मिळतात. मुंबईच्या एक टाइपचे 'मुक्ता' आणि 'बलू' हे मराठी टंकही तसेच. छापखान्याला कोणती फाइल चालते, एवढे मात्र मंचरला जाऊन आधी विचारून यावे.