संगणक थंड राखणारे पाणी

तंजावरच्या उत्तरेस सुमारे तेरा किलोमीटरवर, कावेरीच्या तीरी, तिरुवैयारु हे क्षेत्र वसले आहे. तमिळ भाषेत ‘ऐ’ म्हणजे पाच आणि ‘आरु’ म्हणजे नदी. कावेरी, कुडमुरुट्टी, वेण्णारु, वेट्टारु आणि वडवारु या त्या पाच नद्या होत. संतकवी त्यागराज येथेच राहिले आणि १८४७ साली येथेच त्यांनी देह ठेवला. तंजावरच्या मराठी राजांचाही या क्षेत्राशी निकटचा संबंध होता. पाण्याने असे वेढलेल्या या गावी कोणी पाण्याने थंड होणारा संगणक मांडावयाचे ठरविले, तर त्यात घालण्याजोगे पाणी मात्र त्याला या पाचांपैकी एकाही नदीत मिळणार नाही.

हे उदाहरण केवळ कल्पनेतले नाही. तंजावरहून तिरुचिरापल्लीस जाणाऱ्या हमरस्त्यावर तुवाकुडी येथे राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्था आहे. तेथे २५ मे २०२२ रोजी ‘परम पोरुळ’ या महासंगणकाचे उद्घाटन झाले. तमिळ ‘पोरुळ’ या शब्दाला वस्तू, अर्थ आणि संपत्ती असे तिन्ही अर्थ आहेत. सेकंदाला सुमारे ८३८ लक्ष कोटी गणिती क्रिया, इतकी या यंत्राची महत्तम क्षमता असून ते थंड राखण्यासाठी द्रव थेट गणन करणाऱ्या भागांपर्यंत नेलेला आहे. ‘परम’ ही मालिका पुण्याची. १९८८ साली स्थापन झालेल्या प्रगत संगणन विकास केंद्राने, म्हणजे सी-डॅकने, १९९१ साली ‘परम ८०००’ सिद्ध केला. पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत २०१९ साली बसविलेला ‘परम ब्रह्म’ हाही द्रवानेच थंड केला जातो.

संगणक जी वीज घेतो, तिची जवळजवळ सर्वच्या सर्व उष्णता होते. एक किलोवॅट उष्णता वाहून नेताना हवेचे तापमान दहा अंशांहून अधिक वाढू द्यावयाचे नसेल, तर दर सेकंदाला सुमारे ८३ लिटर हवा खेळवावी लागते. तेच काम पाण्याकडे सोपविले, तर मिनिटाला दीड लिटरहून थोडे कमी पाणी पुरते. समान आकारमानाचे पाणी हवेच्या सुमारे साडेतीन हजारपट उष्णता सामावून घेते, म्हणून हा फरक पडतो. या कामासाठी वापरलेल्या द्रवास ‘शीतक’ म्हणतात.

शीतकाचा मार्ग बंदिस्त असतो. पंप त्याला नळ्यांतून प्रोसेसरवर घट्ट बसविलेल्या तांब्याच्या ठोकळ्यात ढकलतो. ठोकळ्याच्या आत केसासारख्या बारीक पन्हळी कोरलेल्या असतात; तेथे शीतक तापतो, आणि मग रेडिएटरमध्ये किंवा उष्णता दुसऱ्या पाण्यास देणाऱ्या यंत्रात जाऊन निवतो. नदीचे पाणी बाद होते ते या बारीक पन्हळींमुळे. पाण्यातील गाळ त्यांत अडकतो. गाळून घेतले तरी विरघळलेले क्षार उरतातच. दुष्फेन पाणी तापविणाऱ्या भांड्याच्या तळाशी जो पांढरा थर बसतो, तसाच थर येथेही बसतो. तांबे त्या थराच्या शंभरपटीहून अधिक सुलभतेने उष्णता वाहून नेते. तेव्हा कागदाएवढा थरही प्रोसेसरला महाग पडतो.

म्हणून आरंभ करावा तो ऊर्ध्वपातित किंवा क्षारमुक्त केलेल्या पाण्याने. याविषयी एक गैरसमज मात्र फार पसरला आहे. शुद्ध पाण्यातून वीज वाहत नाही, सबब ते गळाले तरी यंत्रास धोका नाही, असे अनेकांस वाटते. अत्यंत शुद्ध पाण्याची वाहकता २५ अंशांस सेंटिमीटरला ०.०५५ मायक्रोसीमेन्स, म्हणजे नगण्य, असते हे खरे. परंतु उघड्या हवेतील कार्बन डायऑक्साइड विरघळताच ती दहा-वीसपट होते आणि पाण्याचा सामू ५.६ पर्यंत उतरून ते किंचित आम्ल बनते. पुढे धातूंच्या सहवासात राहून त्यात धातूंचे अंश उतरतात. काही आठवड्यांनी नळीतून गळणारे पाणी बाटलीतल्या पाण्यासारखे राहिलेले नसते. गळतीपासून रक्षण करतात ते घट्ट सांधे. पाण्याच्या शुद्धतेवर विसंबणे धोक्याचे आहे.

सर्वांत मोठी हानी होते ती धातूंच्या चुकीच्या जोडीने. ठोकळा तांब्याचा आणि रेडिएटर अ‍ॅल्युमिनियमचा असला, की तांब्याचे विरघळलेले अंश पाण्याबरोबर जाऊन अ‍ॅल्युमिनियमवर बसतात. तेथे असंख्य चिमुकले विद्युत्-घट तयार होतात, आणि अ‍ॅल्युमिनियम ठिपक्याठिपक्यांनी झिजून त्याला छिद्रे पडतात. स्वस्त मिळालेला एखादा भाग सारे मंडल बिघडवितो तो असा. एका मंडलात तांबे, पितळ व त्यांच्या जोडीचे निकेल चालते. अ‍ॅल्युमिनियम त्यात मिसळू नये. नुसत्या तांब्यासाठीही पाण्यात गंजरोधक घालावे लागते. बेन्झोट्रायझोल हे त्यांपैकी एक. ते तांब्याच्या पृष्ठावर अतिशय पातळ असे संरक्षक आवरण धरते.

दुसरा शत्रू सजीव आहे. कोमट व संथ पाण्यात जिवाणूंचा बुळबुळीत थर वाढतो. नळ्या पारदर्शक असल्या आणि त्यांवर ऊन येत असले, तर शेवाळही धरते. तांब्याच्या कळशीतले पाणी चांगले राहते हा आपल्या घरचा अनुभव खोटा नाही, परंतु गंजरोधकाच्या आवरणाखाली झाकलेल्या तांब्याकडून ती अपेक्षा करता येत नाही. त्यासाठी जंतुनाशक द्रव्य थोड्या प्रमाणात मिसळतात.

ग्लायकॉलची गोष्ट येथे विस्ताराने सांगण्यासारखी आहे. थंड देशांत पाणी गोठू नये म्हणून ते मिसळतात. तिरुवैयारुस पाणी कधीच गोठत नाही. मग ग्लायकॉल कशाला? तरीही जगातील पुष्कळ मोठ्या संगणकगृहांत पाण्यात २५ टक्के प्रॉपिलीन ग्लायकॉल असते, कारण इतक्या प्रमाणात ते जिवाणूंची वाढ रोखते. गंमत अशी, की पाच-दहा टक्केच घातले तर उलटाच परिणाम होतो आणि तेच जिवाणूंचे अन्न बनते. तेव्हा घालावयाचे तर पुरेसे घालावे, नाहीतर मुळीच घालू नये. त्याची किंमतही मोजावी लागते. द्रवाची उष्णता सामावण्याची शक्ती थोडी उणावते आणि त्याचा दाटपणा सुमारे दुपटीवर जातो, म्हणून पंपाचे श्रम वाढतात. घरच्या लहान संगणकास गंजरोधक व जंतुनाशक घातलेले ऊर्ध्वपातित पाणी पुरेसे आहे. मोटारीत वापरले जाणारे एथिलीन ग्लायकॉल चवीस गोड पण विषारी असते; लहान मुले वावरतात तेथे ते नसलेलेच बरे.

पाणी किती थंड असावे? बर्फासारखे थंड असावे हे स्वाभाविक उत्तर चुकीचे ठरेल. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील हवा दमट असते. दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असणे तेथे नवलाचे नाही. नळ्या त्याहून थंड झाल्या, की गार पाण्याच्या तांब्यावर जसे थेंब जमतात तसेच ते जमून विजेच्या भागांवर ठिबकतात. शिवाय इतक्या थंड पाण्याची गरजही नसते, कारण प्रोसेसर सत्तर अंशांपर्यंतची उष्णता सहसा सोसतो. जर्मनीत म्युनिकजवळ गार्शिंग येथे २०१२ साली सुरू झालेला ‘सुपरएमयूसी’ महासंगणक ४५ अंशांपर्यंतच्या पाण्याने थंड केला जाई. इतके ऊन पाणी चालत असेल, तर ते निववावयास शीतयंत्र लागत नाही; भर मे महिन्यातही बाहेरच्या कूलिंग टॉवरमधील बाष्पीभवनावर काम भागते.

निगा राखणे फारसे अवघड नाही, पण त्यात सातत्य लागते. प्रथम भरताना संगणकाची वीज बंद ठेवून केवळ पंप चालवावा, आणि सांध्यांखाली कागद पसरून काही तास गळती पाहावी. त्याच दिवशी द्रवाचा रंग, सामू व वाहकता वहीत टिपून ठेवावी. बहुतेक तयार शीतकांचा सामू ७ आणि १० यांच्या दरम्यान असतो. पण नेमक्या आकड्यापेक्षा त्यात पडत जाणारा फरक अधिक बोलका असतो. सामू उतरू लागला, वाहकता चढू लागली किंवा द्रव गढूळ दिसला, की गंजरोधक संपत आले असे समजावे. हिरवट छटा तांबे विरघळत असल्याची असू शकते, तशीच शेवाळाचीही. बोटास बुळबुळ लागली तर ती शेवाळाची वा जिवाणूंची. पातळी उतरल्यास जो शीतक पूर्वी घातला असेल तोच घालावा. दोन निर्मात्यांचे शीतक एकत्र आले तर कधीकधी त्यांतून साका निघतो आणि पन्हळी बुजतात. उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत, साधारणपणे वर्षा-दोन वर्षांनी, सर्व द्रव काढून मंडल ऊर्ध्वपातित पाण्याने दोन-तीनदा खळबळून घ्यावे.

काढलेला द्रव गटारात किंवा पाटात ओतू नये. ग्लायकॉल कुजताना पाण्यातील प्राणवायू शोषून घेते. बेन्झोट्रायझोल तर सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रांतूनही बऱ्याच अंशी तसेच पुढे निसटते. तिरुवैयारुच्या परिसरातील पाट भाताच्या खाचरांत उतरतात. जुना शीतक झाकणाच्या कॅनमध्ये भरून, त्यावर आतील द्रव्यांची नावे लिहून, घातक कचरा स्वीकारणाऱ्यांच्या हवाली करावा.