हयातीचा दाखला

नोव्हेंबर महिना लागला, की सरकारी निवृत्तिवेतनावर ज्यांचा चरितार्थ चालतो अशा देशभरातील असंख्य घरांतून एकच लगबग सुरू होते. आपण हयात आहोत, वेतन ज्याच्या नावे मंजूर झाले तोच मनुष्य ते घेत आहे, याची सरकारदप्तरी दरसाल नोंद व्हावी लागते. वरवर पाहता हे क्षुल्लक काम आहे. परंतु नौदलातून निवृत्त झालेल्या एका नाविकाच्या घरी शेजारी बसून ते आरंभापासून अखेरपर्यंत पाहिल्यावर माझी अशी खात्री झाली, की एका माणसाच्या नव्हे तर एका अवघ्या कुटुंबाच्या सेवेचा हिशेब या कामात सामावलेला असतो, आणि म्हणून तो पतिपत्नी दोघांच्याही हाताखालून गेला पाहिजे.

छत्रपती संभाजीनगराहून जालन्याकडे निघालेल्या हमरस्त्याने चिकलठाण्याचा विमानतळ मागे टाकला, की काही वेळाने शेंद्रा लागते. चैत्रात मांगीरबाबाच्या यात्रेला लांबलांबून माणसे येथे येतात. एरवी कापूस, बाजरी आणि विहिरीच्या पाण्याची चिंता यांवर येथील वर्ष सरत असे. २००१ साली स्कोडाचा मोटारींचा कारखाना येथे सुरू झाला, पुढे दिल्ली–मुंबई औद्योगिक मार्गिकेच्या योजनेतून ऑरिक नगरी उभी राहिली, आणि सातबाराच्या उताऱ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या न झालेले फेरफार एका पिढीत झाले. समुद्र मात्र येथून रस्त्याने तीनशेहून अधिक किलोमीटर दूर आहे. मराठवाड्याच्या एकाही जिल्ह्याला किनारा नाही, आणि तरीही या गावात असा एक गृहस्थ राहतो, की ज्याच्या तारुण्याचा बहुतेक काळ खाऱ्या पाण्यावर गेला आणि ज्याला सारे गाव ‘नेव्हीवाले काका’ म्हणून ओळखते.

काका कोवळ्या वयात भरती झाले. ओडिशात चिल्का सरोवराच्या काठी १९८० साली स्थापन झालेल्या आयएनएस चिल्का या केंद्रात त्यांचे प्राथमिक शिक्षण झाले, यंत्रविद्येचे शिक्षण लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीवर झाले, आणि पुढे नीलगिरी वर्गाच्या युद्धनौकेवर त्यांची नेमणूक झाली. माझगाव गोदीत बांधलेली या वर्गाची पहिली नौका १९७२ साली आरमारात दाखल झाली होती. या नौका वाफेवर चालत, आणि दोन बाष्पकांतून निघणारी वाफ टर्बाइनांना सुमारे तीस हजार अश्वशक्ती देत असे. वरच्या तक्तपोशीवर वारा खेळत असला, तरी खाली बाष्पकाच्या दालनात उकाड्याने अंग भिजून जाई. पहारा चार तासांचा असे. संध्याकाळच्या पहाऱ्याचे दोन-दोन तासांचे दोन भाग केलेले असत, जेणेकरून रोज त्याच माणसाच्या वाट्याला तीच अपरात्र येऊ नये. दर तासाला वाफेचा दाब, तेलाचे तापमान, पाण्याची पातळी हे सारे नोंदवहीत उतरवावे लागे, कारण बाष्पकातील पाणी नजर चुकवून उतरले तर नळ्या जळून अनर्थ ओढवतो. पहारा संपला तरी बदली येणारा मनुष्य समोर उभा राहीपर्यंत, त्याला प्रत्येक झडपेची स्थिती तोंडी सांगून त्याच्याकडून ती समजल्याची खातरजमा होईपर्यंत, जागा सोडायची नाही, असा तेथील अभंग शिरस्ता होता.

या काळात त्यांच्या पत्नी, म्हणजे काकू, बहुतेक शेंद्र्यातच होत्या. किनाऱ्यावरील सरकारी निवासस्थान क्रमाने मिळे. ते मिळाले तेवढा काळ त्या मुंबईत राहिल्या, एरवी सासूसासरे, मुले, दोन एकर कोरडवाहू जमीन आणि एक म्हैस यांचा सांभाळ त्यांनी एकटीने केला. त्यांची पत्रे नौकेच्या नावाने, ‘मार्फत फ्लीट मेल ऑफिस, मुंबई’ या पत्त्यावर जात. नौका कोणत्या समुद्रात आहे हे पत्र लिहिणारीला ठाऊक नसे. त्या काळी येथून जाणारा लोहमार्ग मीटरगेज होता, मुंबईस जाण्यासाठी मनमाडला गाडी बदलावी लागे, आणि सुट्टीची तार आली तरी मनुष्य घरी पोहोचेपर्यंत त्याचा भरवसा नसे. थोरल्या मुलाचा गोवर, सासऱ्यांचे आजारपण, मनीऑर्डरीची वाट पाहत उधारीवर आणलेले बियाणे, यांतील कशाचीही नोंद आरमाराच्या दप्तरात नाही.

निवृत्तीनंतर काकांनी शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत बाष्पकावरच नोकरी धरली. राज्याच्या बाष्पके संचालनालयाची परीक्षा देऊन घेतलेले परिचालकाचे प्रमाणपत्र आणि आरमारातील अनुभव यांमुळे त्यांना ते काम सहज जमले. आता तीही नोकरी संपली आहे. उरली आहे ती एक काळी पत्र्याची पेटी, जिच्या झाकणावर पांढऱ्या रंगात त्यांचा सेवा क्रमांक अजून वाचता येतो.

ही पेटी उघडण्याचे काम मी पाहिले. ओसरीवर सतरंजी अंथरून काकांनी कागद एका ओळीत मांडले: सेवापुस्तिका, निवृत्तिवेतनाचा मूळ आदेश, त्यात वेळोवेळी निघालेले दुरुस्ती-आदेश, पतिपत्नीचे एकत्रित छायाचित्र, विवाहनोंदणीचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, आधार, बँकेचे पुस्तक, माजी सैनिकांच्या आरोग्ययोजनेचे कार्ड. मग एक-एक कागद उचलून त्यांनी तो काकूंच्या हाती दिला, आणि नाव, जन्मतारीख, क्रमांक काकूंनी मोठ्याने वाचावयाचे व त्यांनी वहीतील नोंदीशी रुजवात घालावयाची, असा क्रम चालू झाला. प्रत्येक कागदावर हे दोन वेळा झाले. घाई कोठेही नव्हती.

सर्वांत अधिक वेळ गेला तो काकूंच्या नावावर. आपल्याकडे लग्नात वधूचे नवे नाव तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिण्याची चाल आहे. त्या एका मंगल क्षणाने पुढे किती घरांत कागदांचा गुंता होऊन बसला आहे, याची कल्पना निवृत्तिवेतनाच्या कामात पडल्याखेरीज येत नाही. शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव, नवऱ्याच्या सेवापुस्तिकेत सासरचे, आणि आधारवर त्याच नावाचे निराळेच इंग्रजी स्पेलिंग, अशी काकूंची तीन रूपे दप्तरांतून वावरत होती. मानखुर्दच्या चीता कॅम्पमध्ये नाविकांचे अभिलेख ज्या कार्यालयात ठेवतात तेथे प्रतिज्ञापत्रासह अर्ज पाठवून काकांनी ती एक करून घेतली आहेत. तो दुरुस्ती-आदेश त्यांनी स्वतंत्र पिशवीत जपून ठेवला आहे.

या दक्षतेचे कारण त्यांच्याच गल्लीत आहे. एका माजी सैनिकाच्या मृत्यूनंतर त्याच्या विधवेचे कुटुंब निवृत्तिवेतन केवळ नावाच्या तफावतीमुळे दीर्घकाळ अडकले होते. मृत पतीची सही आता मिळणार नव्हती, आणि आपणच ती पत्नी हे सिद्ध करण्यासाठी त्या माउलीला दारोदार साक्षीदार शोधावे लागले. तिचे कागद काकांनीच जुळवून दिले. पती हयात असताना जे एका अर्जाने होते, तेच त्याच्या पश्चात किती दुष्कर होते, हे त्यांनी त्या वेळी पाहिले.

आता संरक्षण खात्याचे निवृत्तिवेतन ‘स्पर्श’ नामक संगणकीय व्यवस्थेतून थेट खात्यात जमा होते आणि हयातीची नोंद घरबसल्या भ्रमणध्वनीवरूनही होऊ शकते. काकांनी काकूंना खिडकीजवळ उजेडात बसविले, भ्रमणध्वनी त्यांच्या हाती दिला, आणि स्वतः कॅमेऱ्यासमोर जाऊन बसले.

“मला कशाला लावता या कामाला? तुम्ही हायेत ना,” काकू म्हणाल्या.

“आज हाये,” काका शांतपणे उत्तरले. “तू कर. चुकलं तर पुन्हा करू.”

पहिल्या खेपेस प्रकाश अपुरा पडला, दुसऱ्या खेपेस पापणी वेळेवर मिटली नाही, तिसऱ्या खेपेस चेहरा जुळला आणि पडद्यावर प्रमाणपत्राचा क्रमांक उमटला. तो काकूंनीच वहीत लिहिला, तारीख घातली, खाली आपली सही केली. त्याच वहीच्या पुढच्या पानांवर पुढील व्यवस्था त्यांच्याच अक्षरात लिहिलेली आहे: मृत्यूची नोंद कोठे करावी, कोणाला कळवावे, कुटुंब निवृत्तिवेतन साधारणतः अखेरच्या वेतनाच्या ३० टक्के असते, लाभार्थी ८० वर्षांचा झाल्यावर त्यात २० टक्क्यांची वाढ होते, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात कोणते कागद न्यावेत. हे सारे काकांनी सांगितले आणि काकूंनी लिहिले. पहारा सोपविण्याची जी रीत ते बाष्पकासमोर शिकले, ती त्यांनी आपल्या संसारात अशी आणली.

आरमारातून परतून समुद्रापासून दूर जाऊन वसलेल्या मराठी माणसांत व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांचे नाव सर्वपरिचित आहे. १९७१च्या युद्धात पूर्वेकडील समुद्रात आयएनएस कामोर्ताचे नेतृत्व करून वीरचक्र मिळविणारे हे सेनानी निवृत्तीनंतर फलटणजवळच्या विंचुर्णी गावी स्थायिक झाले, आणि त्यांच्याच प्रेरणेने दिलीप दोंदे यांनी २०१०च्या मे महिन्यात एकट्याने शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. अशा पुरुषांचे चरित्र इतिहास लिहून ठेवतो. परंतु ज्यांच्या हातांनी नौका चालतात त्या सामान्य नाविकांचे, आणि त्यांच्यामागे घर चालविणाऱ्या स्त्रियांचे, चरित्र म्हणजे पत्र्याच्या पेटीतील हे कागदच होत. ते बिनचूक असतील तरच त्या दोघांच्या श्रमांना न्याय मिळेल.

कुटुंब निवृत्तिवेतन म्हणजे विधवेला दिलेली खैरात नव्हे. पती समुद्रावर असताना तिने जमिनीवर जी सेवा केली तिचे ते उशिरा पोहोचलेले वेतन आहे. म्हणूनच ते मागताना तिला कोणापुढे हात पसरावा लागू नये, आणि ते कसे मागावे हे तिला दुसऱ्याकडून कळण्याची वेळ येऊ नये. मराठवाड्याच्या गावोगावी भूदल, नौदल व वायुदलातून परतलेली माणसे आहेत, आणि त्यांच्यापैकी कित्येकांच्या घरी ही पेटी एकाच माणसाच्या किल्लीने उघडते. त्यांनी यंदाच्या नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याबरोबर पत्नीचे नाव सर्व कागदांवर एक आहे की नाही हे पाहावे, नसल्यास आपली सही चालते आहे तोवर ते दुरुस्त करून घ्यावे, आणि पेटीची दुसरी किल्ली तिच्या हाती द्यावी.