विश्लेषण : चालता प्रोग्राम न थांबवता तपासता येतो? काय आहे लिनक्समधील ‘यूप्रोब’?

महिन्याची पहिली तारीख. घरभाडे पाठवायला पेमेंट ॲप उघडले, तर पडद्यावर नुसते चक्र फिरते आहे. अशा वेळी अनेकदा फोन ठीक असतो, अडखळत असतो तो दूरच्या सर्व्हरवरील प्रोग्राम. तो बंद करून तपासायचा, तर सगळ्यांचेच व्यवहार अडतील. मग दोष शोधायचा कसा? लिनक्समध्ये यासाठी ‘यूप्रोब’ ही सोय आहे. ती कशी चालते आणि तिचे धोके कोणते?

जुन्या पद्धतीत अडचण काय?

इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला प्रत्येक जण एक युक्ती शिकतो : प्रोग्राम चुकला की मध्ये मध्ये ‘प्रिंट’च्या ओळी टाकायच्या आणि तो पुन्हा चालवायचा. चालू सेवेत हे जमत नाही. प्रोग्राम पुन्हा सुरू केला की कधी कधी दोषच गायब होतो आणि चार दिवसांनी परत येतो. दुसरा मार्ग डीबगरचा. पण डीबगर प्रोग्रामला जागीच थांबवतो आणि तेवढा वेळ रांगेतील सगळे ग्राहक ताटकळतात.

‘यूप्रोब’ म्हणजे काय?

ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. आपण वापरतो ते प्रोग्राम त्याच्या बाहेर, ‘यूजर स्पेस’मध्ये चालतात. कर्नलमधील फंक्शन तपासणारे ‘केप्रोब’ लिनक्समध्ये २००४ मध्येच आले होते. सन मायक्रोसिस्टिम्सच्या सोलारिस १० मध्ये २००५ साली आलेल्या ‘डीट्रेस’ने कर्नल आणि बाहेरचे प्रोग्राम एकाच साधनाने तपासून दाखवले. लिनक्सला बाहेरच्या प्रोग्रामसाठी तशी सोय मिळायला २०१२ उजाडले. श्रीकर द्रोणमराजू आणि जिम केनिस्टन या आयबीएमच्या अभियंत्यांनी लिहिलेले यूप्रोब त्या वर्षी जुलैमध्ये लिनक्स ३.५ मध्ये दाखल झाले.

ते चालते कसे?

एसटी बसमध्ये मध्येच चढणारा तिकीट तपासनीस आठवा. बसचा मार्ग बदलत नाही, प्रवासी उतरत नाहीत. बस क्षणभर थांबते, नोंद होते आणि पुढे निघते. यूप्रोबही तसेच करते. कोणत्या फाइलमधील कोणत्या ठिकाणी थांबायचे, हे कर्नलला सांगितले जाते. कर्नल मेमरीतील त्या पानाची वेगळी प्रत करून तिथल्या सूचनेच्या जागी ‘ब्रेकपॉइंट’ ठेवतो. इंटेल किंवा एएमडीच्या प्रोसेसरवर तो अवघ्या एका बाइटचा असतो. डिस्कवरील मूळ फाइलला हात लागत नाही.

प्रोग्राम त्या ठिकाणी पोहोचला की ताबा कर्नलकडे जातो. वेळ, फंक्शनला दिलेली माहिती अशी हवी ती नोंद होते. मग बाजूला ठेवलेली मूळ सूचना चालवून प्रोग्राम पुढे सोडला जातो. फंक्शनमधून बाहेर पडतानाची नोंद घेण्यासाठी ‘यूरेटप्रोब’ आहे. आत जाण्याची आणि बाहेर पडण्याची वेळ मिळाली, की नेमका उशीर कुठे होतो ते कळते. ‘ईबीपीएफ’ तंत्राची जोड मिळाल्यापासून या नोंदींचा गोषवारा कर्नलमध्येच तयार होतो. ‘बीपीएफट्रेस’सारख्या साधनात त्यासाठी एखादी ओळ पुरते.

त्याची किंमत किती?

तपासणी फुकट होत नाही. कर्नलपर्यंतची एक फेरी साधारण एका मायक्रोसेकंदाच्या, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या घरात जाते. सेकंदाला शंभर वेळा चालणाऱ्या फंक्शनवर हा भार जाणवतही नाही. तेच फंक्शन सेकंदाला दहा लाख वेळा चालत असेल, तर प्रोसेसरचा एक आख्खा कोर केवळ तपासणीत अडकेल. म्हणून प्रोब कुठे लावायचा, हे आधी ठरवावे लागते.

प्रोग्राम बंद पडू शकतो?

हो, क्वचित. यूरेटप्रोब फंक्शनचा परतीचा पत्ता बदलतो. ‘गो’ भाषेतील प्रोग्राम आपला स्टॅक मेमरीत हलवतात. हलवताना अनोळखी पत्ता दिसला तर ते कोसळतात. सप्टेंबर २०२४ मध्ये आलेल्या लिनक्स ६.११ मध्ये यूरेटप्रोब वेगवान करण्यासाठी नवा सिस्टिम कॉल जोडला गेला. कंटेनरवरील सुरक्षा चाळणीला तो ठाऊक नव्हता. चाळणीने तो अडवला आणि ज्याची तपासणी चालली होती तो प्रोग्रामच बंद पडू लागला. नंतर या कॉलला चाळणीतून वाट देऊन दुरुस्ती करण्यात आली.

खासगीपणाचे काय?

खरा प्रश्न हाच आहे. ब्राउझरमधले कुलूप मजकूर वाटेत सुरक्षित ठेवते. पण सर्व्हरवर तो कूटबद्ध होण्याआधी ‘ओपनएसएसएल’च्या एका फंक्शनकडे साध्या रूपात येतो. तिथे यूप्रोब लावला की तो जसाच्या तसा वाचता येतो. ‘बीसीसी’ या साधनसंचात हे काम करणारे तयार साधन आहे. यंत्रावरील ‘बॅश’ शेलमध्ये कोणी कोणती आज्ञा टाइप केली, हे दाखवणारेही आहे. कंटेनर एकच कर्नल वापरत असल्याने मूळ यंत्राचा चालक त्यांच्याही आत पाहू शकतो.

अर्थात, हे कुणालाही करता येत नाही. त्यासाठी ‘रूट’ किंवा तशा खास परवानग्या लागतात. २०२० मधील लिनक्स ५.८ पासून, सर्वाधिकार न देता तपासणीपुरते अधिकार वेगळे देण्याची सोयही आली आहे. कूटबद्धता वाटेतल्या चोरापासून वाचवते, सर्व्हरच्या किल्ल्या ज्याच्या हाती आहेत त्याच्यापासून नाही. म्हणून या किल्ल्या कोणाकडे आहेत आणि त्या कधी वापरल्या गेल्या, याची नोंद ठेवणे ही कंपन्यांची जबाबदारी ठरते.