जयविलास राजवाडा
पालघर जिल्ह्यातील जव्हार येथील मुकणे संस्थानिकांचा टेकडीवरील दगडी प्रासाद. विसाव्या शतकातील या वास्तूत पाश्चात्त्य व भारतीय शैलींचा मेळ आढळतो. मुकणे घराणे महादेव कोळी या आदिवासी जमातीचे. तथापि राजवाड्याने परिसरातील घरबांधणीतून जवळजवळ काहीच उचलले नाही. जवळच्या डहाणू-तलासरी भागात वारल्यांची घरे लाकडी खांबांवर उभी राहत व कारवीच्या कुडाला शेणमातीचा लेप देत. खिडक्या क्वचितच असत. चुलीचा धूर कूड व छप्पर यांमधील मोकळ्या जागेतून निघून जाई. लग्नात याच भिंतींवर स्त्रिया तांदळाच्या पिठाने चौक रेखाटतात. १९४८ मध्ये जव्हार संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. राजवाडा मात्र मुकणे कुटुंबाकडेच राहिला.