नकलेचे मोल

छपाईचे यंत्र आपल्याकडे येण्यापूर्वी ग्रंथाची दुसरी प्रत हवी असेल, तर ती हाताने उतरवून घ्यावी लागे. लेखनिक बोरू घेऊन बसे आणि एकेक अक्षर पाहत महिनोन् महिने पोथी सिद्ध करी. प्रत दहावी असो की शंभरावी, कष्ट तेवढेच पडत. शिवाय प्रत्येक नकलेत चुका शिरत. कोठे शब्द गळे, कोठे ओळ वर-खाली होई, तर कोठे एखादा उत्साही लेखनिक आपल्या पदरची ओवी घालून मोकळा होई. 'ज्ञानेश्वरी'च्या प्रतींमध्ये असे पाठभेद इतके साचले, की संत एकनाथांना शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ च्या सुमारास, तिची शुद्ध प्रत तयार करावी लागली. ध्वनिफितींच्या काळापर्यंत हाच अनुभव होता. एका कॅसेटवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी अशी गाणी उतरवली, की प्रत्येक वेळी खरखर वाढे आणि आवाज दबत जाई.

संगणकाने हा अनुभव मोडीत काढला. त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. संगणकात साठवलेली कोणतीही गोष्ट, मग ती कविता असो, गाणे असो, छायाचित्र असो की खेळ असो, अखेर शून्य आणि एक या दोन अंकांची लांबच लांब ओळ असते. एका वहीतील पाचाचा आकडा दुसऱ्या वहीत उतरवला, म्हणून तो पुसट पाच होत नाही. तो पाचच राहतो. त्यातूनही एखादा अंक चुकला, तर तो ओळखण्याची गणिती युक्ती यंत्रातच योजलेली असते. त्यामुळे हजाराव्या नकलेत आणि पहिल्या प्रतीत तिळमात्र फरक उरत नाही. आणि ही नक्कल करायला खर्च जवळजवळ काहीच येत नाही.

येथेच एक नैतिक पेच उभा राहतो. शेजाऱ्याचा तांब्या आपण उचलून आणला, तर शेजाऱ्याकडे तांब्या उरत नाही. त्याला चोरी म्हणतात, हे सांगायला पंडित लागत नाही. परंतु शेजाऱ्याच्या संगणकातील खेळ आपण उतरवून घेतला, तर त्याचा खेळ त्याच्याकडे जसाच्या तसा राहतो. मग येथे कोणाचे काय गेले? संगणक जोडून देणारा दुकानदार जेव्हा "सगळी सॉफ्टवेअर भरून देतो, वेगळे पैसे नाहीत" असे सांगतो, तेव्हा हा प्रश्न आपल्यापुढे उभा असतो. बहुतेकांच्या तो ध्यानातही येत नाही.

या प्रश्नाचा पहिला मोठा वाद अमेरिकेत झाला. १९७५ मध्ये 'अल्टेअर ८८००' नावाचा, सुटे भाग घरी जोडून तयार करायचा संगणक तेथे विकला जाऊ लागला. त्यावर कार्यक्रम लिहिता यावेत म्हणून बिल गेट्स आणि पॉल ॲलन या तरुणांनी 'बेसिक' या संगणकभाषेची एक आवृत्ती तयार केली. ती भोके पाडलेल्या कागदी फितीवर मिळे. हौशी संगणकप्रेमींच्या एका मंडळात अशी एक फीत आली, तिच्या नकला झाल्या आणि त्या हातोहात वाटल्या गेल्या. ३ फेब्रुवारी १९७६ ही तारीख घातलेल्या एका खुल्या पत्रात गेट्स यांनी या हौशी मंडळींना खडे बोल सुनावले. अल्टेअर घेणाऱ्यांपैकी दहा टक्क्यांहूनही कमी लोकांनी बेसिक विकत घेतले आहे आणि मिळालेला मोबदला पाहता आपल्या कामाचे मोल ताशी दोन डॉलरही पडत नाही, असा त्यांचा हिशेब होता. यंत्राचे पैसे देणारा माणूस ते चालवणाऱ्या बुद्धीचे पैसे का देत नाही, हा त्यांचा सवाल होता.

या सवालात तथ्य आहे. दुसरी प्रत फुकट निघते, पण पहिली निघत नाही. तिच्यामागे कोणाची तरी दोन-चार वर्षे गेलेली असतात आणि त्या वर्षांत त्याचे घर चाललेले असते. तांब्याचा दाखला अपुरा पडतो तो यासाठी. तांब्याची किंमत धातूत आणि घडणावळीत असते, सॉफ्टवेअरची किंमत मात्र पहिल्या प्रतीतच सगळी सामावलेली असते. तथापि दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. १९९० च्या दशकात आपल्याकडे दूरचित्रवाणी संचाला जोडून खेळायची जी यंत्रे घरोघर आली, त्यांतील बरीचशी निंतेंडो या जपानी कंपनीच्या १९८३ च्या यंत्राची नक्कल होती. 'एकात ९९९ खेळ' असे छापलेल्या पेटीत खेळ असत थोडेच, तेच ते नावे बदलून पुन्हा येत! मारिओ हा मिशाळ नळदुरुस्तीवाला आपल्या कित्येक घरांत पोहोचला तो अशा नकलेतून. मूळ खेळ सामान्य माणसाच्या आवाक्यातील किमतीला जवळच्या दुकानात मिळत नव्हता, हे विसरून त्या मुलांना चोर ठरवणे मला तरी अन्यायाचे वाटते.

नक्कल थांबवण्याचा उघड मार्ग म्हणजे कुलूप. खेळांच्या निर्मात्यांनी ही कुलपे मोठ्या कल्पकतेने घडवली. जॉर्डन मेकनर यांचा 'प्रिन्स ऑफ पर्शिया' हा खेळ १९८९ मध्ये निघाला. त्यातील राजपुत्राची धाव आणि उडी इतकी सजीव वाटे, याचे कारण असे की मेकनर यांनी आपल्या धाकट्या भावाला धावायला लावून, त्याचे चित्रण करून, त्यावरून चित्रे काढली होती. या खेळाच्या आपल्याकडे प्रचलित झालेल्या आवृत्तीत पहिली पातळी ओलांडली, की एक विचित्र दालन लागे. तेथे अक्षरे लिहिलेल्या कुप्या मांडलेल्या असत. खेळाबरोबरच्या छापील पुस्तिकेतील अमुक पानावरच्या अमुक ओळीतील अमुक शब्दाचे पहिले अक्षर शोधायचे आणि त्याच अक्षराची कुपी प्यायची, अशी आज्ञा पडद्यावर येई. पुस्तिका नसेल, तर राजपुत्राचा अंत ठरलेला. पण कुलूप आले तशी किल्लीही आली. हे दालन निरुपयोगी करून टाकलेल्या प्रती लवकरच फिरू लागल्या.

कुलपाच्या हव्यासाने कधीकधी भलतेच घडले. वैयक्तिक संगणकावर पसरलेला पहिला मोठा विषाणू 'ब्रेन' हा १९८६ मध्ये लाहोरच्या दोन भावांनी लिहिला. आपल्या वैद्यकीय सॉफ्टवेअरच्या अनधिकृत नकला करणाऱ्यांना पकडावे, असा हेतू त्यांनी पुढे सांगितला. त्यात त्यांनी स्वतःचे नाव, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांकही घातला होता. विषाणू मात्र नकला करणारे कोण आणि निरपराध कोण, हे न पाहता देशोदेशी पोहोचला. सोनी बीएमजी या ध्वनिमुद्रण कंपनीचे प्रकरण तर याहून गंभीर. तिच्या काही गाण्यांच्या सीडी संगणकात घातल्या, की नक्कल रोखणारे एक सॉफ्टवेअर यंत्रात गुपचूप शिरून दडून बसत असे आणि त्यामुळे इतर घुसखोरांनाही वाट मोकळी होई. ऑक्टोबर २००५ मध्ये एका तज्ज्ञाने हे उघडकीस आणले आणि कंपनीला त्या सीडी परत मागवाव्या लागल्या. यात त्रास झाला तो दुकानातून पैसे देऊन सीडी आणणाऱ्याला. फुकट उतरवून घेणाऱ्याकडे ते कुलूप पोहोचलेच नव्हते.

याउलट काहींनी नक्कल हाच आपला विक्रेता केला. इड सॉफ्टवेअर या अमेरिकन मंडळींनी डिसेंबर १९९३ मध्ये 'डूम' हा खेळ काढला. त्याचे तीन भाग होते. पहिला पूर्ण भाग कोणीही उतरवावा, मित्राला द्यावा, अशी त्यांनीच मुभा दिली. तो आवडला तर उरलेले दोन भाग पैसे पाठवून मागवायचे. जाहिरातीवर फारसा खर्च न करता हा खेळ जगभर गेला आणि कंपनीला पैसाही मिळाला. पुढे १९९७ मध्ये त्यांनी खेळाचा मूळ संकेत, म्हणजे ज्या आज्ञांवर तो चालतो त्यांचा वाचता येण्याजोगा मजकूर, लोकांपुढे ठेवला.

मूळ संकेत सर्वांना वाचता यावा, हा विचार मात्र त्याआधीचा आहे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या प्रयोगशाळेत काम करणारे रिचर्ड स्टॉलमन यांना तेथील छपाईयंत्राच्या सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्ती करायची होती, पण त्याचा मूळ संकेत त्यांना नाकारण्यात आला. सॉफ्टवेअर ज्ञानासारखे वाटून घ्यायची वस्तू आहे, अशा ठाम मताच्या स्टॉलमन यांनी सप्टेंबर १९८३ मध्ये 'ग्नू' हा प्रकल्प जाहीर केला. सॉफ्टवेअर कोणत्याही कामासाठी वापरावे, त्याचा अभ्यास करून ते बदलावे, त्याच्या नकला वाटाव्यात आणि बदललेली आवृत्तीही वाटावी, एवढे स्वातंत्र्य प्रत्येकाला असावे, हा त्यांचा आग्रह. इंग्रजीत मोफत आणि स्वतंत्र यांना एकच शब्द असल्याने त्यांना जन्मभर खुलासे करावे लागले. मराठीत 'फुकट' आणि 'मुक्त' हे वेगळे शब्द असल्यामुळे आपली ती अडचण तरी वाचली!

१९८९ मध्ये स्टॉलमन यांनी या स्वातंत्र्याला कायदेशीर रूप देणारा परवाना लिहिला. त्यातील युक्ती वकिलांनाही मोहवणारी आहे. त्यांनी लेखकाचा स्वामित्वहक्क सोडून दिला नाही, तर त्याच हक्काच्या बळावर अट घातली, की नक्कल खुशाल करा, बदलही करा, परंतु ती पुढे देताना घेणाऱ्यालाही हेच स्वातंत्र्य द्या. फिनलंडमधील लिनस टॉर्व्हाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिहिलेला 'लिनक्स' पुढच्याच वर्षी या परवान्याखाली आला. आज अँड्रॉइड फोनच्या गाभ्याशी लिनक्सच आहे. म्हणजे नकलेला मुभा देणारे सॉफ्टवेअर कोट्यवधी भारतीयांच्या खिशात आहे.

आपल्या देशातील कायदा काय सांगतो, हेही पाहिले पाहिजे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९८४ च्या दुरुस्तीने संगणकीय कार्यक्रमांचा समावेश झाला आणि त्यांना साहित्यकृतीचा दर्जा मिळाला. कवितासंग्रह आणि हिशेबाचे सॉफ्टवेअर कायद्याच्या दृष्टीने एका पंक्तीत बसतात, ही गंमत आहे खरी. अनधिकृत नक्कल आहे हे ठाऊक असूनही ती संगणकावर वापरणाऱ्याला सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० ते २,००,००० रुपये दंड होऊ शकतो. वापर पैसे कमावण्यासाठी किंवा धंद्यात नसेल, तर कैद न देता ५०,००० रुपयांपर्यंतच्या दंडावर सोडण्याची मोकळीक न्यायालयाला आहे. दुसरीकडे, रीतसर घेतलेल्या सॉफ्टवेअरची प्रत नष्ट झाली तर हाताशी असावी म्हणून राखीव नक्कल काढण्याचा हक्क हाच कायदा ग्राहकाला देतो. हा हक्क फार थोड्यांना माहीत असतो.

तेव्हा प्रश्न नकलेचा नसून परवान्याचा आहे. दुकानदाराला "किती सॉफ्टवेअर भरली?" असे विचारण्याऐवजी "यांचा परवाना कोणता?" असे विचारावे. कुलूप फोडलेल्या सॉफ्टवेअरमध्ये फोडणाऱ्याने आणखी काय घातले आहे, हे तपासायला आपल्याजवळ साधन नसते. त्याच यंत्रावर आपण बँकेचे व्यवहार करतो आणि मुलांची छायाचित्रे ठेवतो, हा धोका कायद्यातील दंडाहून मोठा आहे. हाताशी पर्याय नाही, असेही नाही. केरळ राज्याने २००० च्या दशकात आपल्या शाळांतील संगणकशिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर आणले. पत्रे लिहिण्यासाठी आणि हिशेब मांडण्यासाठी असलेले 'लिब्रे ऑफिस' विनामूल्य मिळते आणि त्याच्या सूचना मराठीतही दिसतात. मराठी अक्षरांचे उदाहरण तर अगदी घरचे. पूर्वी प्रत्येक कंपनीच्या मराठी टंकाची रचना निराळी असे, त्यामुळे एका टंकात लिहिलेला मजकूर दुसऱ्या यंत्रावर उघडला, की नुसती चित्रविचित्र चिन्हे दिसत. मग मजकुराबरोबर विकतच्या टंकाची नक्कलही छापखान्यात पाठवली जाई, आणि त्यात काही वावगे आहे असे कोणाला वाटत नसे. युनिकोड ही सर्वांना समान असलेली पद्धत रूढ झाल्यावर ही ओढाताण पुष्कळच कमी झाली. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचा 'मुक्त' हा देवनागरी टंक आज कोणीही उतरवून घ्यावा, वापरावा, दुसऱ्याला द्यावा, अशा परवान्याखाली मिळतो.

कायद्याच्या चर्चेत नकलेचे एक काम झाकून जाते, ते म्हणजे जतनाचे. ज्ञानेश्वरांच्या काळातील 'ज्ञानेश्वरी'ची पोथी आज उपलब्ध नाही. ग्रंथ आपल्यापर्यंत आला तो चुका करणाऱ्या त्या लेखनिकांच्या नकलांमधून. संगणकीय कृतींचे आयुष्य तर पोथीहूनही अल्प आहे. चुंबकीय तबकड्या काही दशकांत निकामी होतात आणि त्या वाचणारी यंत्रे त्याआधीच भंगारात जातात. अमेरिकेत २०१० पूर्वी प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आता बाजारात रीतसर मिळत नाहीत, असे २०२३ मधील एका पाहणीत आढळले. विकणारा विकत नाही आणि कायदा उतरवू देत नाही, अशा कोंडीत ते सापडले आहेत.

'प्रिन्स ऑफ पर्शिया'चा मूळ संकेतही असाच हरवला होता. खुद्द मेकनर यांना तो कोठे आहे हे ठाऊक नव्हते. २०१२ मध्ये त्यांच्या वडिलांना घरातील एका जुन्या खोक्यात काही तबकड्या सापडल्या. वीस-बावीस वर्षांत त्यांवरील चुंबकीय खुणा कितपत टिकल्या असतील, याची धास्ती होती. जुनी यंत्रे सांभाळणाऱ्या जाणकारांना बोलावून त्या तबकड्या एकेक करून वाचण्यात आल्या. संकेत शाबूत निघाला. मेकनर यांनी तो त्याच वर्षी आंतरजालावर सर्वांसाठी ठेवला आणि अल्पावधीतच त्याच्या नकला जगभरातील संगणकांत जाऊन बसल्या.